चाळीस झाडं आणि अर्धी गोणी युरिया

चतुराबाई शिरसाटच्या हातची अंडी ज्यानं खाल्ली नाहीत, त्यानं बोरखेडीच्या संत्राबागेत कधी घाम गाळला नाही असं बेलाशक समजावं. आता तुम्ही म्हणाल, अंडी उकडायला काय लागतं, त्यात कसलं आलंय कौतुक! थांबा जरा. ही बाई कामावर चूल मांडत नाही, स्टोव्ह नेत नाही, काडीपेटीला हात लावत नाही. तिची अंडी उकडतात चुन्यात.

बोरखेडी परतवाड्याहून आठ किलोमीटरवर. गावाच्या चहूबाजूंनी संत्रा. आणि संत्र्याच्या झाडाचे लाड विचारू नका. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, खोडाला बुडापासून कमरेइतकं बोर्डो लावावं लागतं. नाही लावलं तर सालीतून डिंक वाहायला लागतो आणि धडधाकट झाड उभ्या उभ्या वाळतं. बोर्डो म्हणजे दोन वस्तूंचा संसार, मोरचूद आणि कळीचा चुना. मोरचूद निळा, गरीब, पाण्यात गुपचूप विरघळणारा. चुना मात्र दिसतो तसा नाही. भट्टीत दगड भाजून काढलेले ते पांढरे खडे, वर पाणी पडलं की आधी काहीच बोलत नाहीत. मग सुरसुर, मग फसफस, आणि बघता बघता असा उकळा फुटतो की खाली जाळ लावलाय का म्हणून नवखा माणूस वाकून बघतो.

चतुराबाईला कोणी याचं कारण विचारलं तर तिचं उत्तर तयार असतं. "या गोट्यानं भट्टीत तीन रोज जाळ खाल्ला. तो जाईन कुठी? पोटातच हाये. पानी देल्लं का बाहेर येते."

तिची रीत ठरलेली. कामाच्या आदल्या सायंकाळी, जमिनीत अर्ध्या पुरलेल्या मातीच्या रांजणात चुना टाकायचा. डोळ्यांवर नवऱ्याचा मोटारसायकलचा जुना गॉगल, नाकातोंडावर पदर, आणि वाऱ्याला पाठ देऊन बेताबेतानं पाणी. मजुरीच्या टोळीतल्या बायांनी दहा हात लांब राहायचं. चुना रंगात आला की त्यात घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा ठेवायचा, डब्यात पाणी आणि माणशी एक अंडं. अर्ध्या तासानं डबा काढला की अंडी सोलताना बोटं भाजतात. तिखट-मीठ लावून बाया ती खातात, चतुराबाईला चार नावं ठेवतात आणि घरी जातात. रांजण रात्रभर निवत राहतो. सकाळी ती वाकून रांजणाला आपला उजवा गाल लावते. हो, गालच. हाताला वीस वर्षांचे घट्टे, त्याला काय कळणार डोंबल! गालाला गार लागलं की मगच चुना मोरचुदात जायचा. गारात गार. यात तडजोड नाही.

ही तडजोड एकदा करून पाहिली होती खुशालरावांनी. गावात सगळ्यात मोठी बाग त्यांची, सहाशे झाडं. एकोणीस वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांना घाई झाली. गरम काय आणि गार काय, शेवटी एकत्रच करायचंय ना, असं म्हणून त्यांनी वाफाळता चुना मोरचुदात ओतायला लावला. निळा रंग काळपट पडला, फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या तळाशी बसल्या आणि दोन ड्रम नाल्याकाठी ओतून द्यावे लागले. चतुराबाई तेव्हा टोळीत नवी होती, तोंडानं मात्र जुनीच. "भाऊ," ती म्हणाली होती, "त्याच्या पोटातला जाळ अजून निंगाचा होता. तुमी त्याले सबुरीच नाई देल्ली." खुशालरावांनी रागानं बघितलं, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या बागेत बोर्डोचा कारभार चतुराबाईकडे आला. ती सांगेल तेव्हा कालवायचं, ती म्हणेल तेव्हा थांबायचं.

बाईला मान मिळाला आणि बाई तिथंच अडकली.

अडकली कशी, ते ऐका. दुसरं बोर्डो नेमकं दसऱ्याच्या तोंडावर येतं. आणि दसऱ्यासाठी आदल्या दिवशी बोरखेडीच्या विहारापासून गाडी निघते ती नागपूरला, दीक्षाभूमीवर. चतुराबाई पहिल्यांदा गेली ती बापाच्या खांद्यावर बसून, सात वर्षांची असताना. थोरली बहीण दुर्गाबाई बापाचं बोट धरून चालत होती आणि सारखी वर बघून विचारत होती, "चतुरा, तुले काय दिसून राह्यलं? मले सांग ना!" पुढं दुर्गाबाई नागपुरातच दिली. चतुराबाईचं लग्न झालं, दोन-तीन दसरे तिनं गाठले, आणि मग आलं खुशालरावांचं बोर्डो. दरवर्षी खुशालराव म्हणायचे, "एवढं होऊ दे बाई, पुढल्या साली जाजो." दरवर्षी ती मान हलवायची. असे एकोणीस दसरे गेले. एकोणीस! हे मोजायला बसलं की तिला स्वतःचाच राग यायचा, म्हणून ती मोजत नसे.

यंदा गणपतीच्या सुमाराला दुर्गाबाईचा फोन आला. नेहमीचंच बोलणं, गुडघे दुखतात, नातू ऐकत नाही. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं. "मी दरसाल पुस्तकाच्या दुकानापाशी घंटाभर उभी राह्यतो ना वं. म्हनलं, अचानक आली बिली तं!"

चतुराबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. एकोणीस वर्षं आपण 'येणं होत नाही ताई' म्हणून फोन ठेवत होतो आणि ही त्या गर्दीत, दुखऱ्या गुडघ्यांवर, तासभर उभी राहत होती. "ताई," ती म्हणाली, "अवंदा मी येते म्हंजे येते. अवंदा तू वाट पायजो."

मग काय, पंधरा दिवस आधीपासून ती खुशालरावांच्या मागं हात धुऊन लागली. टोळीला दम दिला, बायांच्या शिव्या खाल्ल्या, आणि दसऱ्याला दोन दिवस असताना सहाशे झाडं आटोपून खुशालरावांचा रांजण धुऊन उपडा घातला. उद्या दुपारी दोनला गाडी. राहिलं काय? राहिली तिची स्वतःची चाळीस झाडं.

हो, चतुराबाईची स्वतःची झाडं. सासऱ्याच्या वाट्याची सव्वा एकर जमीन कैक वर्षं नुसती तुरीवर काढली. सहा वर्षांपूर्वी तिनं नवऱ्याला पाठवून शेंदुरजना घाटहून चाळीस कलमं आणवली. दुसऱ्यांच्या झाडांना बोर्डो लावून लावून हात निळे केले, आता चार खोडं आपलीही असू देत, असं तिचं म्हणणं. यंदा पहिल्यांदा फळ धरलं होतं. आणि यंदाच, भाद्रपदातल्या झडीनंतर, निम्म्या झाडांच्या बुडाशी डिंकाचे थेंब दिसले. खुशालरावांचा रांजण उपडा पडला त्या दिवशी सकाळपासून तिचा नवरा श्रावण विळा घेऊन बसला आणि त्यानं एकेक खोड खरवडून साफ केलं. खोडांची ओली साल उघडी पडली. आता त्यावर बोर्डो चढलं की झालं. झाडं चांगली आणि दीक्षाभूमी नक्की.

सायंकाळी घरी येऊन चतुराबाईनं जून महिन्यापासून खाटेखाली जपून ठेवलेली चुन्याची गोणी काढली. खुशालरावांकडे उरलेला अर्धा चुना होता तो, तिच्या कामाबद्दल त्यांनीच दिलेला. रांजणात चुना, वरून पाणी, आत डबा, डब्यात दोन अंडी, एक तिचं आणि एक श्रावणचं. चुना जरा कमीच बोलला, पण पोळ्या लाटायच्या होत्या, गाठोडं बांधायचं होतं, तिनं लक्ष दिलं नाही. अर्ध्या तासानं तिनं डबा काढला आणि अंडं दगडावर आपटलं.

कच्चा बलक तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

तिनं तशीच जाऊन रांजणाला गाल लावला. गार. सकाळी ज्या गारव्याची ती वाट बघते, तोच गारवा आता, अर्ध्या तासात! चुना तापलाच नव्हता. आणि जो चुना तापत नाही, तो मेलेला. त्याच्या पोटातला जाळ आधीच कधीतरी निघून गेलेला असतो. त्याचं बोर्डो केलं तर मोरचूद मोकाट राहतो आणि खरवडलेल्या सालीला जाळून काढतो. औषध म्हणून विष लावायचं, असा तो प्रकार.

"अवोऽऽ!" तिनं अशी हाक मारली की शेजारच्या घरातलं टीव्हीचं बटण कोणीतरी बंद केलं.

श्रावण गोठ्यातून आला. स्वभावानं मऊ माणूस, आयुष्यात कोणाशी मोठ्यानं बोलला नाही.

"या गोनीले कोनं हात लावला होता?"

श्रावणनं खिशातली तंबाखूची डबी हळूच आतल्या बाजूला सरकवली. पण चतुराबाईच्या नजरेतून काही सुटतं होय?

"तुमी... तंबाकूसाठी?"

"रोज एकच खडा घेत होतो वं," श्रावण म्हणाला. "बोराइतका."

"आन गोनीचं तोंड?"

"बांधत होतो ना." त्यानं मान खाजवली. "भल्लक वेळा बांधत होतो. कधी कधी राहे."

चार महिने उघड्या तोंडाची गोणी, आणि बाहेर मेळघाटाच्या पायथ्याचा पावसाळा. हवेतल्या ओलीनं चुना थोडा थोडा, चोरपावलांनी विझवून टाकला. त्याचा सगळा जाळ बाईच्या खाटेखाली, कोणाला कळू न देता, रात्रंदिवस निघून गेला होता. चतुराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस वर्षं मालकामुळं हुकलं, आणि आता विसावं नवऱ्याच्या चिमूटभर चुन्यापायी हुकणार! ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. श्रावणनं सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "तू जाय. मी सकाळी चुना आनतो, सायंकाळी लावतो. मी नाई गेलो तं चालते."

"तुमी लावान?" ती म्हणाली. "मागच्या खेपीले तुमी लावलं तं अर्धं खोडाले आन अर्धं सदऱ्याले लागलं. आन लेकरासारखी झाडं अशी जखमा उघड्या टाकून मी जत्रा कराले जाऊ?" आणि मग ती पायरीवर बसली, पदर तोंडाला लावला आणि ढसाढसा रडली. श्रावण शेजारी बसला. त्यानं डबी काढून उकिरड्यावर भिरकावली. त्याचा काही उपयोग नव्हता, पण त्याला तेवढंच सुचलं.

सकाळी आठला श्रावण मोटारसायकल काढून परतवाड्याला गेला. दुकान नऊला उघडणार, तो पावणेदहाला परत येणार. चुना उकळून शांत व्हायला साडेदहा. आणि निवायला? मातीच्या रांजणात रात्र, नाहीतर निदान सायंकाळ. चाळीस झाडं लावायला दोन तास धरले तर बारापर्यंत चुना गार हवा. चतुराबाईनं तीन वेळा हिशेब केला, तीनदा गाडी निघून गेली.

पाणी भरताना तिनं हाताला लागलेला बादलीचा गारवा पुसला आणि एकदम थबकली. गारवा! तिला मे महिना आठवला. पंचेचाळीस डिग्रीचं ऊन, खुशालरावांच्या बागेत ड्रममध्ये युरिया घोळून झाडांना देत होते, आणि ती आपली पाण्याची बाटली गुपचूप त्याच ड्रममध्ये बुडवून ठेवायची. युरिया पडला रे पडला की ड्रमचं पाणी असं गार व्हायचं की बाटली हातात धरवत नसे. टोळीतल्या बाया विचारायच्या, चतुराबाई, तुमच्या घरी फ्रिज कधी घेतला?

ती तशीच ओल्या हातांनी निघाली.

खुशालराव अंगणात ट्रॅक्टर धूत होते, दसऱ्याच्या पूजेसाठी. त्यांची सून अपेक्षा, परतवाड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते ती, सुट्टी म्हणून ओसरीवर झेंडूची तोरणं करत बसली होती.

"भाऊ, अर्धी गोनी युरिया पायजे."

"आत्ता? कशाले?"

"चुना गार कराले."

खुशालरावांनी पाण्याचा पाइप खाली ठेवला. "चतुराबाई, सकाळीच ऊन्ह लागलं का तुले?"

तिनं सगळं सांगितलं. कच्चं अंडं, श्रावणची तंबाखू, दोनची गाडी आणि मे महिन्यातली बाटली. बाटलीचं ऐकून खुशालराव म्हणाले, "म्हंजे तू माह्या युरियात इतकी वर्षं...!" पण पुढं त्यांना काही बोलता आलं नाही, कारण अपेक्षा हातातली सुई टाकून उठली होती.

"बाबा, बरोबर म्हणतेय मावशी! चुना पाण्यात पडला की उष्णता बाहेर फेकतो, त्याला उष्मादायी म्हणतात. युरिया पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो, तो उष्माग्राही. एक देणारा, दुसरा घेणारा. मी दरवर्षी दहावीच्या पोरांना चंचुपात्रात चमचाभर करून दाखवते. गोणीनं करायचं माझ्या डोक्यातच नाही आलं."

"नाव काई बी ठेवा मॅडम," चतुराबाई म्हणाली, "माह्या गालाले गार लागलं पायजे."

अपेक्षानं फोन काढला. "किती चुना? चार किलो? थांब..." तिची बोटं भराभर चालली. "चुना देईल साधारण साडेचार हजार किलोज्यूल. युरिया किलोमागं घेईल अडीचशे. म्हणजे अठरा किलो. थोडा सांडलवंड धरून वीस-बावीस किलो लागेल."

"म्हंजे अर्धी गोनी. मंग मी काय मांगून राह्यली?"

अपेक्षा हसत सुटली. खुशालराव हसले नाहीत. युरिया पाण्यात घालून वर ते पाणी काय करायचं, हा प्रश्न त्यांच्या कपाळावर दिसत होता. चतुराबाईनं तो वाचला. "पानी वाया नाई जात भाऊ. सायंकाळी आनखी पानी वाढवून झाडाईच्या बुडी टाका. तुमच्या नाईतं माह्या."

खुशालराव गोदामाकडे गेले आणि पाठीवर गोणी घेऊन आले. स्वतः. ती ट्रॅक्टरवर टाकून ते जरा वेळ दोरीशी खेळत राहिले. "एकोनीस साल मी तुले पुढल्या साली, पुढल्या साली म्हनत राह्यलो," ते म्हणाले. "मले वाटे, तुले जायाचं असतं तं तू भांडली असती. तू साऱ्याईशी भांडते. याच्यासाठी काहून नाई भांडली?"

चतुराबाईनं दोरी त्यांच्या हातातून घेऊन गोणीला गाठ मारली. "बसा ट्रॅक्टरवर," ती म्हणाली, "टाइम नाई." अपेक्षाही तोरणं टाकून मागं चढली.

श्रावण चुना घेऊन आला होता. या खेपेला मातीचा रांजण नको, माती जाळ धरून ठेवते. तिनं लग्नातले दोन स्टीलचे गुंड, पाण्याचे मोठे हंडे, काढले, ज्यांत आजवर पिण्याच्या पाण्याशिवाय काही पडलं नव्हतं. गॉगल चढवला, सगळ्यांना लांब केलं आणि पाणी सोडलं. चुना क्षणभर गप्प. मग असा काही उसळला की श्रावणनं हात जोडले. जिवंत! अगदी जिवंत चुना! तिनं त्यात डबा ठेवायला कमी केलं नाही, आणि अर्ध्या तासानं सहा अंडी ठणठणीत उकडून निघाली. खायला वेळ नव्हता. डबा तसाच गाठोड्यात गेला.

कापलेल्या ड्रमच्या टपात पाणी ओतलं, त्यात युरिया. खुशालरावांनी लाकडानं ढवळायला सुरुवात केली, आणि बघता बघता टपाला बाहेरून घाम फुटला. त्यांनी आत हात घातला आणि "अरे बाप!" म्हणून झटक्यात काढला. तीस वर्षं युरिया वापरणाऱ्या माणसाला त्याचा हा गुण आज कळत होता. दोन्ही गुंड टपात उतरवले. श्रावण एका गुंडात ढवळायला, अपेक्षा दुसऱ्यात, खुशालराव टपात. टपातलं पाणी कोमट झालं तसा चतुराबाईनं ते दुसऱ्या ड्रमात काढलं, नवं पाणी घातलं आणि उरलेला युरिया सोडला. दर दहा मिनिटांनी ती गुंडाला गाल लावत होती. पहिल्यांदा "आई गंऽ" म्हणून मागं झाली. दुसऱ्यांदा तोंड वाकडं केलं. तिसऱ्यांदा नुसती मान हलवली.

साडेअकराला तिनं गाल लावला आणि तसाच ठेवला. डोळे मिटून.

"मावशी?" अपेक्षानं विचारलं.

"गार," ती म्हणाली. "गाऽर!"

रात्रीपासून भिजत घातलेला मोरचूद आणि हा चुना एकत्र ड्रममध्ये पडले, आणि स्वच्छ, मऊ निळा रंग उतरला. तिनं श्रावणचा विळा घासून लखलखीत केला आणि बुडवून धरला. पात्यावर तांबूस डाग आला असता, म्हणजे मोरचूद मोकाट राहिला असता, तर सगळं मुसळ केरात. पातं बाहेर आलं ते जसं गेलं तसंच, पांढरं. मग कोणी कोणाला काही सांगितलं नाही, चौघांनी चार ओळी धरल्या. खुशालरावांनी आयुष्यात पहिल्यांदा ब्रश हातात घेतला. सुरुवातीला त्यांचं बोर्डो झाडापेक्षा त्यांच्या धोतरावर जास्त लागत होतं, आणि चतुराबाई त्यांना टोळीतल्या नव्या बाईला रागवावं तशी रागवत होती. "वरून खाली नाई भाऊ, खालून वर! बुडात घाला, बुडात!" सहाशे झाडांचा मालक निमूटपणे बुडात घालत होता.

पावणेदोन. सदतिसाव्या झाडाला तिच्या ब्रशची दांडी मोडली. विहाराकडून गाडीचा हॉर्न वाजला. गाडी ठरवणाऱ्या प्रीतमचा फोन आला. "काकू, साऱ्या बाया बसल्या, दोनचे सव्वादोन नाई करू शकत मी!" तिनं फोन श्रावणच्या हातात दिला आणि उरलेली तीन झाडं हातानंच लिंपली, पोतेरं फिरवावं तशी. चाळिसाव्या खोडावरून हात फिरवताना ती त्याला काहीतरी म्हणाली. काय ते झाडालाच माहीत.

गोठ्यात जाऊन तिनं पांढरी साडी नेसली, गाठोडं काखेत मारलं आणि धावत सुटली. श्रावण मागं, त्याच्या मागं खुशालराव ओरडत, "थांबवा रे गाडी! आमची चतुराबाई यून राह्यली!" गाडीतल्या बायांनी खिडकीतून हात काढून तिला आत ओढली. मग तिच्या साडीच्या निऱ्यांवर पाचही बोटांचे निळे ठसे पाहून सगळ्या गाडीला हसू फुटलं. एकीनं पाण्याची बाटली दिली, पण बोर्डो वाळलं की पाण्याला जुमानत नाही. त्याला चिंचेचं पाणी लागतं, आणि दीक्षाभूमीच्या गाडीत चिंच कोण घेऊन बसतं?

सात वाजता नागपूर. माणसांचा पूर, निळे झेंडे, दिव्यांच्या माळा, लेकरं खांद्यावर. चतुराबाई त्या गर्दीत वाट काढत होती आणि श्रावण तिच्या पदराचं टोक धरून मागं होता. पुस्तकांच्या दुकानांची रांग सुरू झाली. पहिलं दुकान, दुसरं, तिसरं. पाचव्या दुकानाच्या कोपऱ्याला, खांबाला पाठ लावून, एका गुडघ्यावरचा भार दुसऱ्यावर घेत दुर्गाबाई उभी होती. केस सगळे पांढरे झाले होते. एवढे पांढरे कधी झाले, हे चतुराबाईला माहीतच नव्हतं.

"ताई."

दुर्गाबाईनं बघितलं. ओळखलं, पण विश्वास बसायला वेळ लागला. मग तिनं बहिणीला कवेत घेतलं आणि दोघी भर रस्त्यात एकमेकींच्या खांद्यावर रडल्या. गर्दी त्यांना वळसा घालून पुढं जात राहिली.

मग दुर्गाबाई मागं झाली, डोळे पुसले, आणि तिची नजर बहिणीच्या हातांवर गेली. बोटं, नखं, मनगटं, सगळं निळं, वर चुन्याचे पांढरे पोपडे. थोरली बहीण ती, रागावल्याशिवाय कशी राहील?

"अवं, हात तं पाह्य तुहे! एवढ्या वर्षानं आली, हात तरी धून यावं का नाई?"

"हात धूत बसली असती ना ताई," चतुराबाई म्हणाली, "तं अवंदा बी राह्यली असती."

दुर्गाबाईनं ते दोन्ही हात आपल्या धुतलेल्या पांढऱ्या पदरात घेतले, आणि पुसले नाहीत, नुसते घट्ट धरून ठेवले.